मित्र एकमेकांना किती ओळखतात हे पाहणारे खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाढदिवस, केळवण, शाळेच्या बॅचचा मेळावा, डिसेंबर-जानेवारीतली हुरडा पार्टी अशा कोणत्याही निमित्ताने सोलापुरात मंडळी जमली आणि जेवणे उरकली, की "आता काहीतरी खेळू या" असे कोणीतरी म्हणतेच. पत्ते आणि गाण्यांच्या भेंड्या यांच्या जोडीला आता "कोण कोणाला किती ओळखतो" हे पाहणारे खेळही रुळले आहेत. असे खेळ घेताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. त्यांच्यामागे माझी एक ठाम धारणा आहे: या खेळात गुण बरोबर उत्तराला मिळतो, पण मित्राची नवी ओळख चुकलेल्या उत्तरातून होते, आणि म्हणून खेळाची सगळी मांडणी चुकलेल्या उत्तराला वेळ मिळेल अशी असावी.

या खेळांत नेमके कोणते प्रकार येतात?

मूळ कल्पना एकच आहे: एका व्यक्तीबद्दल प्रश्न विचारायचा, तिने आपले उत्तर गुपचूप लिहायचे आणि इतरांनी ते ओळखायचे. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळे विचारून उत्तरे जुळतात का हे पाहण्याचा प्रकार अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या ‘द न्यूलीवेड गेम’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे लोकप्रिय झाला, आणि मित्रांच्या गटात खेळला जाणारा खेळ त्याच धर्तीचा आहे. याशिवाय "दोन खरे, एक खोटे" (स्वतःबद्दल तीन विधाने सांगायची आणि त्यांतले खोटे इतरांनी ओळखायचे), "हे की ते" (दोन पर्यायांतला एक निवडायचा) आणि "सर्वांत जास्त शक्यता कोणाची" हे प्रकार सर्रास खेळले जातात.

आपल्याकडे याची ओळख बहुतेकांना दहावीच्या निरोप समारंभाच्या सुमारास फिरणाऱ्या स्लॅमबुकने झालेली असते. आवडता रंग, आवडती व्यक्ती, जीवनातील अविस्मरणीय प्रसंग असे रकाने भरून घेण्याची ही हौस आपल्याच काळाची आहे असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात अशा प्रश्नवह्या भरून घेतल्या जात, आणि फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त याने तरुणपणी दिलेली उत्तरे आजही प्रसिद्ध आहेत. ज्यांनी आपले स्लॅमबुक जपून ठेवले आहे, त्यांच्याकडे एक उत्कृष्ट खेळ तयारच आहे. नाव झाकून एखादे उत्तर वाचून दाखवावे आणि ते कोणाचे हे सर्वांनी ओळखावे. बॅचच्या मेळाव्यात याच्याइतका रंगणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. मात्र ज्यांची पाने वाचायची आहेत त्यांना आधी विचारून घ्यावे.

आमचा आठ-दहा जणांचा जुना गट आहे. पहिल्यांदा खेळताना सुरुवात कशी करावी?

सर्वांत साध्या प्रकाराने करावी आणि निम्मी संध्याकाळ नियम समजावण्यात घालवू नये. एक खुर्ची सर्वांना दिसेल अशी ठेवावी आणि ज्याची पाळी असेल त्याने तिच्यावर बसावे. खेळ घेणाऱ्याने प्रश्न मोठ्याने वाचावा, खुर्चीवरच्या व्यक्तीने आपले उत्तर लिहून कागद पालथा ठेवावा, बाकीच्यांनीही आपापला अंदाज लिहावा, आणि सर्वांचे लिहून झाल्याशिवाय एकही कागद उलटू नये. पाठकोऱ्या कागदाचे चार-चार तुकडे पुरतात. घरात मुलांच्या पाट्या असतील तर अधिकच चांगले, कारण पाट्या एकदम उंचावल्या की सगळे अंदाज एका नजरेत दिसतात आणि हशाही एकदम पिकतो.

आता महत्त्वाचा भाग. उत्तर उघड झाल्यावर खुर्चीवरच्या व्यक्तीला अर्धा-एक मिनिट बोलू द्यावे, आणि त्या वेळात कोणीही तिला तोडू नये. "मी असे का लिहिले" एवढेच तिने सांगायचे असते. हा नियम पाळला नाही तर गुण मोजण्याची घाई होते, पुढचा प्रश्न येतो आणि जे ऐकण्यासारखे होते ते हवेत विरून जाते.

वेळेचा हिशेब आधी करावा. आठ जण असतील आणि प्रत्येकाच्या पाळीला तीन प्रश्न ठेवले तर एकूण २४ प्रश्न होतात. प्रत्येकाला अडीच-तीन मिनिटे धरली तर एक ते सव्वा तास लागतो, आणि जेवणानंतर एवढाच वेळ लोकांचे लक्ष टिकते. बारा जण असतील तर प्रत्येकी दोन प्रश्न ठेवावेत. त्याहून मोठा जमाव असेल तर दोन गट करणे बरे.

उत्तरे लिहूनच का घ्यायची? तोंडी चालणार नाही का?

तोंडी खेळात जो पहिला बोलतो त्याच्यामागे निम्मे लोक जातात. प्रत्येक गटात एखादा मोठ्या आवाजाचा आणि पक्क्या खात्रीचा सदस्य असतोच. त्याने "अरे, हा तर लगेच भांडेल" असे म्हटले की ज्याला वेगळे वाटत होते तोही गप्प बसतो, आणि खुर्चीवरचाही नकळत आपले उत्तर त्या बाजूला झुकवतो. लिहून घेतले की अबोल माणसाचा अंदाजही तेवढ्याच वजनाचा ठरतो. अनेकदा सर्वांत अचूक अंदाज अशाच माणसाचे निघतात, कारण बोलण्यापेक्षा पाहण्यात त्याचा वेळ अधिक गेलेला असतो.

चांगला प्रश्न कसा ओळखावा?

या खेळाचे यश प्रश्नांवर अवलंबून असल्यामुळे हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

"कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आवडते का?" हा प्रश्न सोलापुरात विचारला तर जवळजवळ सर्वांचे उत्तर "हो" येईल, सर्वांना गुण मिळतील, आणि कोणाबद्दल काहीच कळणार नाही. असे उत्तर देण्यासाठी मित्राला ओळखावे लागत नाही, सोलापूर माहीत असले म्हणजे पुरते. माणसे दुसऱ्याला किती ओळखतात याच्या मोजमापातील हीच अडचण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी १९५५ साली दाखवून दिली होती. सर्वसाधारण माणूस कसा असतो याचा चांगला अंदाज असणे वेगळे, आणि हा माणूस इतरांपेक्षा कुठे निराळा आहे हे ओळखणे वेगळे. दोन्हींमुळे गुण वाढतात, पण मैत्रीशी संबंध यांतल्या दुसऱ्या गोष्टीचाच आहे.

आता तोच प्रश्न थोडा बदलून पाहा: "कडक भाकरी आमटीत कुस्करून खातो, की चटणी-दह्याबरोबर मोडून खातो?" येथे गट दुभंगतो, आणि ज्याने मित्राबरोबर पंगतीला बसून त्याच्या ताटाकडे पाहिले आहे त्यालाच खात्रीने लिहिता येते. चांगल्या प्रश्नाची पहिली खूण ही, की त्याची उत्तरे गटात विभागली जातात.

दुसरी खूण म्हणजे उत्तर पाहण्यातून कळणारे असावे. "तुझी सर्वांत मोठी भीती कोणती?" या प्रश्नाचे उत्तर कोणी सांगितल्याशिवाय कळू शकत नाही, त्यामुळे तो ओळखीचा प्रश्न न राहता गुपिताचा प्रश्न होतो. "अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचलतो का?" याचे उत्तर मात्र शंभरदा डोळ्यांसमोर घडलेले असते. तिसरी खूण अशी की खुर्चीवरच्या व्यक्तीला स्वतःलाच आपले उत्तर ठाऊक असावे. "तुझे आयुष्याचे ध्येय काय?" असे विचारले तर ती व्यक्ती लिहायलाच पाच मिनिटे घेते आणि मग काहीतरी शोभेसे लिहिते.

प्रश्न पारखण्याची एक सोपी युक्ती आहे. गटात नसलेल्या एखाद्या माणसाला, म्हणजे यजमानांच्या पाहुण्याला किंवा बाहेरगावच्या आतेभावाला, सगळे प्रश्न आधी देऊन खुर्चीवरच्या व्यक्तींबद्दल अंदाज लिहायला सांगावे. ज्या प्रश्नांची उत्तरे त्यालाही बरोबर आली, त्यांतले बहुतेक काढून टाकावेत. हा पाहुणा खेळात शेवटपर्यंत बसला तर आणखी चांगले, कारण त्याच्यापेक्षा किती गुण अधिक पडले यावरून गटाची खरी ओळख दिसते.

काही नमुन्याचे प्रश्न सुचवाल का?

गावाशी, सवयींशी आणि एकत्र घालवलेल्या वेळाशी जोडलेले प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतात. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, होम मैदानावर शिरल्यावर हा आधी पाळण्यांकडे वळतो, खेळण्यांच्या दुकानांकडे की खाण्याकडे? नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला ही दरवर्षी ठरलेल्या जागी उभी राहते, की गर्दी नेईल तिकडे जाते? हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचे असेल तर हा स्टेशनवर अर्धा तास आधी पोहोचतो, की धावत डबा गाठतो? मे महिन्याच्या दुपारी वीज गेली तर ही पंख्याखालीच वाट पाहते, गच्चीच्या जिन्यात जाते, की थेट ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांचे घर गाठते? लग्नाच्या आहेरात आलेली चादर हा वापरतो, जपून ठेवतो की पुढे देऊन टाकतो?

स्वभावाचे प्रश्नही कृतीतून विचारावेत. "तो रागीट आहे का?" यापेक्षा "हॉटेलात चुकीचा पदार्थ आला तर तो परत करतो, की मुकाट्याने खातो?" असे विचारणे कितीतरी चांगले. "ती हळवी आहे का?" यापेक्षा "पाठवणीच्या वेळी ती पुढे उभी असते की मागे सरकते?" हा प्रश्न अधिक सांगून जातो आणि कोणालाही टोचत नाही.

आमची मैत्री वीस वर्षांची आहे, तरी गुण फार कमी पडले. याचा अर्थ काय घ्यावा?

मैत्रीत काही उणे आहे असा अर्थ मुळीच घेऊ नये. विल्यम स्वान आणि मायकेल गिल या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की नाते जितके जुने आणि गुंतलेले, तितका आपल्या अंदाजावरचा विश्वास वाढत जातो, पण अचूकता त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही. जुन्या मित्राबद्दल आपण एकदा जे ठरवलेले असते ते पुन्हा तपासून पाहण्याची गरज आपल्याला वाटत नाही. तो अकरावीत जसा होता तसाच आजही आहे असे मानून आपण लिहितो, आणि मधल्या काळात त्याची नोकरी, त्याचे घर, त्याचे आजारपण यांनी त्याला बदललेले असते.

दुसरे कारण असे की मित्राबद्दल खात्री नसली की माणूस स्वतःचेच उत्तर लिहितो. १९७७ साली ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना विचारले होते, की जाहिरातीची पाटी अंगावर अडकवून तुम्ही विद्यापीठाच्या आवारात फिराल का. जे तयार झाले त्यांना वाटले की बहुतेक जण तयार होतील, आणि ज्यांनी नकार दिला त्यांना वाटले की बहुतेक जण नकारच देतील. आपल्या खेळातही नेमके हेच घडते. हे तपासायचे असेल तर प्रत्येकाने अंदाजाच्या खाली कोपऱ्यात स्वतःचे उत्तरही लिहावे. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्यावर कोण मित्राला पाहून लिहितो आणि कोण आरशात पाहून, हे लगेच कळते.

एका मैत्रिणींच्या गटातला प्रसंग सांगण्यासारखा आहे. प्रश्न होता, "रेल्वेत जागा निवडायला मिळाली तर खिडकी की कडेची जागा?" पाचही जणींनी खिडकी लिहिले, कारण ही मैत्रीण निसर्गाची हौशी म्हणून प्रसिद्ध होती. तिने पाटी उलटली तर तिच्यावर "कडेची" असे लिहिलेले होते. आईच्या गुडघ्याच्या उपचारांसाठी काही वर्षे दोघींना पुण्याला ये-जा करावी लागत होती, तेव्हा आईला खिडकी देऊन पाणी, औषध, पिशवी यांसाठी उठता यावे म्हणून ती कडेला बसत असे, आणि आता एकटीने प्रवास करतानाही तिला कडेलाच बसावेसे वाटते. त्या सगळ्या जणी तिच्या आईला ओळखत होत्या, पण त्या प्रवासांबद्दल कधी बोलणेच झाले नव्हते. पाचही जणींना शून्य गुण मिळाले आणि पुढचा प्रश्न येण्यापूर्वी बराच वेळ गेला. खेळ घेणाऱ्याने अशा वेळी घड्याळाकडे पाहू नये.

खुर्चीवरच्या व्यक्तीचे उत्तरच चुकीचे आहे असे सर्वांना वाटले तर काय करावे?

नियम म्हणून तिचेच उत्तर ग्राह्य धरावे, त्यावर मतदान घेऊ नये. मात्र असा मतभेद दरवेळी हट्टातूनच होतो असे नाही. २०१० साली सिमिन वझीर या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की चिंता, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टींबद्दल माणूस स्वतः अधिक जाणतो, तर बुद्धिमत्ता किंवा सर्जनशीलता यांसारख्या, चांगले-वाईट ठरवणाऱ्या गुणांबद्दल मित्रांचा अंदाज अधिक खरा ठरतो. म्हणूनच खेळात सवयींचे आणि पसंतीचे प्रश्न ठेवावेत, आणि "हा किती हुशार?" किंवा "ही किती समंजस?" असे प्रश्न टाळावेत. त्यांत वादाला तोंड फुटते आणि त्याचा निकाल कोणालाच लावता येत नाही.

कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर असा खेळ घेता येईल का?

येईल, पण सौम्य स्वरूपात. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ साली मांडलेली ‘जोहारी खिडकी’ प्रशिक्षण वर्गांत आजही वापरली जाते. विशेषणांच्या एका यादीतून व्यक्तीने स्वतःला लागू पडणारी विशेषणे निवडायची, सहकाऱ्यांनीही तिच्यासाठी निवडायची, आणि मग चार चौकटींत ती मांडायची: दोघांनाही दिसणारी, फक्त स्वतःला माहीत असलेली, फक्त इतरांना दिसणारी आणि कोणीच न निवडलेली. या पद्धतीत चूक-बरोबर असे काही नसते, त्यामुळे वरिष्ठ आणि कनिष्ठ एकत्र असतील तर हीच मांडणी मला योग्य वाटते. यादीत फक्त चांगली विशेषणे ठेवावीत. साहेबांबद्दलचे अंदाज नाव घालून लिहायला लावणे कनिष्ठांवर अन्यायाचे आहे.

गुण कसे द्यावेत? किती गुण पडले म्हणजे चांगली ओळख?

दोनच पर्याय असलेले दहा प्रश्न असतील तर डोळे मिटून उत्तरे देणाऱ्यालाही सरासरी पाच गुण पडतात, त्यामुळे सहा गुणांवर आनंद मानण्यात अर्थ नाही. आठ किंवा अधिक गुण निव्वळ नशिबाने मिळण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून आठ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. चार पर्याय ठेवले तर नशिबाचा वाटा सरासरी अडीच गुणांवर येतो. पर्याय न देता उत्तर लिहायला सांगितले तर नशीब जवळपास बाजूला होते, पण मग "जवळचे उत्तर" बरोबर धरायचे का यावरून घासाघीस होते. तो निर्णय खुर्चीवरच्या व्यक्तीवर सोपवावा.

गुण देण्याची मला पसंत असलेली पद्धत थोडी वेगळी आहे. ज्या प्रश्नावर सर्वांचा अंदाज चुकला, त्या प्रश्नासाठी खुर्चीवरच्या व्यक्तीला दोन गुण द्यावेत. त्यामुळे न ओळखले गेल्याची रुखरुख राहत नाही आणि आपल्याबद्दलची नवी गोष्ट सांगण्याची उमेदही वाढते.

"दोन खरे, एक खोटे" हा खेळ जुन्या मित्रांत चालतो का?

नव्या ओळखीत हा खेळ छान चालतो, जुन्या मित्रांत मात्र एका अटीवर: तिन्ही विधाने शेवटच्या एका वर्षातली असावीत. मग शाळेतले किस्से बाद होतात आणि हल्ली कोणाचे काय चालले आहे हे कोणाला माहीत आहे ते दिसते. खोटे विधान अगदी साधे असावे. "मी यंदा चार किलो ज्वारी दळून आणली" यासारखे खोटे पकडणे "मी विमानातून उडी मारली" यापेक्षा कितीतरी अवघड असते.

"सर्वांत जास्त शक्यता कोणाची" या खेळात एकाच व्यक्तीकडे सारखी बोटे जातात. हे ठीक आहे का?

ठीक नाही. या खेळात सर्वजण एकदम एका व्यक्तीकडे बोट दाखवतात, आणि प्रश्न "लग्नाला उशिरा कोण पोहोचेल", "पैसे परत द्यायला कोण विसरेल" अशा धाटणीचे असतील तर तीच व्यक्ती संध्याकाळभर हसण्याचा विषय होते. ती स्वतः हसत असली तरी तिला ते आवडते आहे असे गृहीत धरू नये. प्रश्न चांगल्या बाजूने विचारावेत: रात्री दोन वाजता दवाखान्यात सोबत यायला कोण आधी निघेल, कोणाच्या पिशवीत हमखास सुई-दोरा सापडेल, अनोळखी गावात रस्ता कोण शोधून काढेल. प्रत्येकाकडे निदान एकदा बोटे वळतील असे प्रश्न आधीच निवडून ठेवणे हे खेळ घेणाऱ्याचे काम आहे.

कोणते विषय पूर्णपणे टाळावेत?

पगार आणि कर्ज, लग्न जमण्यातल्या अडचणी, मूल होणे-न होणे, वजन आणि रंग, जात, परीक्षेतले अपयश, जुनी प्रेमप्रकरणे आणि घरातली भांडणे. सोलापूर मोठे शहर असले तरी ओळखीपाळखीच्या दृष्टीने लहान आहे. जुळे सोलापुरात रात्री झालेले बोलणे सकाळी साखर पेठेत पोहोचायला वेळ लागत नाही, आणि ज्याच्याबद्दल ते होते त्याला पुढे अनेक वर्षे त्याच माणसांत वावरायचे असते. प्रत्येकाला दोन प्रश्न कारण न सांगता सोडून देण्याची मुभा असावी. "पास" म्हटल्यावर "का बरं?" असे कोणी विचारायचे नाही, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच सांगावे.

आमच्या गटात कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी दखनी बोलतात. प्रश्न मराठीतच ठेवावेत का?

प्रश्न मराठीत ठेवून उत्तर कोणत्याही भाषेत लिहू द्यावे. अशा गटांना तर एक खास फेरी करता येते, जी दुसऱ्या गावात इतकी रंगणार नाही. ठेच लागल्यावर याच्या तोंडून कोणत्या भाषेत शब्द निघतो? पैसे मोजताना हा मनात कोणत्या भाषेत मोजतो? आईशी भांडताना आणि बाळाला खेळवताना हिची भाषा एकच असते का? सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात वाढलेल्या मित्रांबरोबर बसून ही फेरी खेळल्यास वर्गात कायम मराठीच बोलणाऱ्या मित्राची घरातली बाजू पहिल्यांदा दिसते. फक्त उच्चारांची नक्कल करून हसणे होऊ देऊ नये.

नवी सून, मित्राची होणारी पत्नी किंवा गटात नव्याने आलेली व्यक्ती असेल तर?

तिला पहिल्या फेरीत खुर्चीवर बसवू नये आणि तिच्याकडून इतरांबद्दल अंदाजही मागू नयेत. तिला प्रश्न वाचण्याचे काम द्यावे. त्यामुळे ती खेळाच्या केंद्रस्थानी राहते, सर्वांच्या गोष्टी ऐकते आणि तिची परीक्षाही होत नाही. दुसऱ्या फेरीत तिने स्वतः होकार दिला तरच तिची पाळी घ्यावी. नवऱ्याला तिच्याबद्दल प्रश्न विचारून तो चुकला की तिच्यासमोर टाळ्या पिटणे मला अजिबात पसंत नाही, कारण घरी गेल्यावर त्या चुकीचा हिशेब दोघांनाच करावा लागतो.

जिथे सगळेच एकमेकांना नवे आहेत, तिथे अंदाजाचा खेळ सोडून सरळ प्रश्नोत्तरेच घ्यावीत. आर्थर अॅरॉन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी व्यक्तींच्या जोड्यांना हळूहळू अधिक वैयक्तिक होत जाणारे ३६ प्रश्न दिले होते, आणि ४५ मिनिटांनंतर त्यांना साध्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा अधिक जवळीक वाटली. त्यातली चढती क्रमवारी आपल्यालाही घेण्यासारखी आहे.

हुरडा पार्टीत शेतावर हा खेळ कसा घ्यावा?

आगटीभोवती कागद-पेन निरुपयोगी ठरतात, कारण भाजलेली कणसे चोळून सगळ्यांचे हात काळे झालेले असतात आणि वाऱ्याने चिठ्ठ्या उडतात. तेथे "हो की नाही" अशा प्रश्नांची फेरी घ्यावी. प्रत्येकाला बोराची एक बी द्यावी. प्रश्न विचारल्यावर सर्वांनी हात पाठीमागे न्यावेत, उत्तर "हो" असेल तर बी उजव्या मुठीत ठेवावी, "नाही" असेल तर डाव्या हातात घ्यावी, आणि तीन म्हटल्यावर सर्वांनी उजवी मूठ एकदम उघडावी. खुर्चीवरच्या व्यक्तीची मूठ सर्वांत शेवटी उघडते. हा प्रकार लहान मुलांनाही जमतो आणि आजी-आजोबाही उत्साहाने भाग घेतात. गरम हुरडा पुढ्यात आल्यावर मात्र खेळ थांबवावा, कारण तो गरम असतानाच खाण्यात मजा आहे.

निम्मे मित्र पुण्यात, काही बेंगळुरू-हैदराबादला आहेत. ऑनलाइन खेळता येईल का?

व्हिडिओ कॉलवर कागद कॅमेऱ्यासमोर धरून खेळ उत्तम होतो. व्हॉट्सअॅपवर लेखी खेळायचे असेल तर सर्वांनी उत्तर टाइप करून ठेवावे आणि ठरलेल्या क्षणी एकदम पाठवावे. त्यावरील पोलमध्ये आधीची मते दिसत राहतात, त्यामुळे नंतरचे लोक त्यांच्याच मागे जातात. दूरच्या मित्रांसाठी प्रश्न त्यांच्या आजच्या आयुष्यातले ठेवावेत: तो रविवारी दुपारचे जेवण स्वतः बनवतो की मागवतो, गावाकडून आणलेली चटणी किती दिवस पुरवतो.

"तुमचे मित्र तुम्हाला किती ओळखतात" अशा लिंक फिरतात. त्या सुरक्षित असतात का?

ज्या लिंकवर जन्मगाव, पहिली शाळा, आईचे माहेरचे आडनाव, पाळीव प्राण्याचे नाव किंवा जन्मतारीख विचारली जाते त्या उघडू नयेत. खात्याचा पासवर्ड विसरल्यावर हेच प्रश्न ओळख पटवण्यासाठी विचारले जातात. घरी कागदावर खेळतानाही हे प्रश्न घेण्याची गरज नाही, कारण ते पाठांतराचे प्रश्न आहेत आणि त्यांतून मित्राबद्दल फारसे काही कळत नाही.

बक्षीस काय ठेवावे?

लहानसे असावे. शेंगाच्या चटणीची पुडी किंवा सोलापुरी नॅपकिन पुरेसा आहे. पैसे लावून हा खेळ खेळू नये.

खेळताना कोणी दुखावले तर?

खेळ घेणाऱ्याने प्रश्न तेथेच बंद करून चहाची सुट्टी जाहीर करावी, आणि त्या व्यक्तीशी एकट्याने, बाजूला जाऊन बोलावे. सर्वांसमोर "एवढं काय त्यात?" किंवा "गंमत केली रे" असे म्हणणे टाळावे, कारण त्यामुळे दुखावल्याची जबाबदारी तिच्यावरच पडते. ज्याच्या शेऱ्याने दुखावले गेले त्याने त्याच संध्याकाळी, साध्या शब्दांत माफी मागावी.

तेच प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात का?

अवश्य वापरावेत. खुर्चीवरच्यांच्या उत्तरांचे कागद तारीख घालून एका पाकिटात ठेवावेत आणि पुढच्या वेळी प्रश्न असा विचारावा: "याचे उत्तर गेल्या वर्षीचेच आहे की बदलले?" वर्षभर संपर्कात राहिलेल्यांनाच यात गुण मिळतात. पाकीट गटातल्या ज्या सदस्याचे घर बदलण्याची शक्यता कमी आहे त्याच्याकडे द्यावे, आणि एखाद्याला आपला कागद परत हवा असेल तर तो विनाचौकशी परत करावा.